स्काउट पथकात संघनायक घडवताना

शाळेत नवे स्काउट पथक सुरू करणारा शिक्षक पहिल्या वर्षी बहुधा एकच चूक करतो आणि ती माझ्याकडूनही झाली. पथकातील सगळ्या मुलांना मैदानावर ओळीत उभे करून मी प्रत्येक गाठ, प्रत्येक खूण आणि प्रथमोपचाराची प्रत्येक पट्टी स्वतःच शिकवत राहिलो. तक्ता पाहून मुलांना गाठींची नावे अचूक सांगता येत होती. मात्र शिबिरात पहाटे तंबूची दोरी सैल झाली तेव्हा सगळी मुले माझ्याकडे पाहत उभी राहिली. त्यांना गाठ येत नव्हती असे नाही, पण ती आपण होऊन बांधायची असते, हे त्यांना कधी शिकायलाच मिळाले नव्हते. त्यानंतर मी पद्धत बदलली. पुढे लिहिले आहे ते त्या बदललेल्या पद्धतीविषयी.

1907 साली स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर पहिले प्रायोगिक शिबिर भरवले, तेव्हा सुमारे 20 मुलांचे चार संघ केले होते आणि प्रत्येक संघाची जबाबदारी त्यातल्याच एका मुलाकडे दिली होती. आजही भारत स्काउट्स आणि गाईड्सच्या पथकात सहा ते आठ मुलांचा संघ, त्याचा संघनायक आणि उपसंघनायक अशीच रचना असते. ती कागदावर सर्वत्र असते; प्रत्यक्षात संघनायकाकडे हजेरी घेण्यापलीकडे काही काम दिलेले नसेल, तर ती रचना असून नसल्यासारखी आहे.

संघनायक निवडताना वर्गातील पहिल्या क्रमांकाचा किंवा सर्वांत खणखणीत आवाजाचा मुलगा आपोआप पुढे येतो, म्हणून घाई करू नये. महिनाभर खेळ घ्यावेत, मुले एकमेकांशी कशी वागतात ते पाहावे, संघातील मुलांशी बोलावे आणि मगच नाव ठरवावे. मागे राहिलेल्या मुलासाठी जो आपण होऊन थांबतो, त्याच्याकडे माझे लक्ष प्रथम जाते.

निवड झाल्यावर संघनायक आणि उपसंघनायक यांचा मिळून एक स्वतंत्र संघ समजावा आणि त्या संघाचे नायक स्काउटमास्तरांनी, म्हणजे पथक चालवणाऱ्या शिक्षकाने, स्वतः व्हावे. पथकाची सभा शनिवारी असेल तर आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर या मुलांना पाऊण तास थांबवून घ्यावे. शनिवारी जे शिकवायचे, ते त्यांना आधी पक्के आले पाहिजे. कारण स्वतःला न येणारी गोष्ट शिकवताना मुलगा ओरडू लागतो आणि संघ त्याचे ऐकेनासा होतो.

कौशल्य शिकवण्याचा क्रम एका गाठीवरून सांगतो. प्रत्येकाच्या हातात सुमारे तीन मीटर दोरी द्यावी आणि आधी काम दाखवावे: हाताला झोळी बांधायची आहे, दोन सारख्या जाडीच्या दोऱ्या जोडायच्या आहेत. मग रीफ नॉट सावकाश, मुलांच्या शेजारी उभे राहून बांधावी. समोर उभे राहिले की त्यांना उजवे-डावे उलटे दिसते. आधी उजवे टोक डाव्यावर, नंतर डावे उजव्यावर. गाठ बरोबर असेल तर मोकळी टोके मूळ दोरीला समांतर राहतात. ती आडवी आली तर गाठ चुकली आहे आणि ओढ पडताच ती सरकेल. ही तपासणी मुलाने स्वतः करावी. दोऱ्यांची जाडी कमी-अधिक असेल तर शीट बेंड आणि न आवळणारा फास हवा असेल तर बोलाइन, हा फरकही तक्त्यावरून न सांगता वेगवेगळ्या दोऱ्या हातात देऊन समजू द्यावा. त्यानंतर डोळे बांधून किंवा पाठीमागे हात नेऊन गाठ मारण्याची शर्यत घ्यावी. शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे: शिकलेल्या मुलाने ती संघातल्या धाकट्या मुलाला शिकवावी आणि स्काउटमास्तरांनी तेव्हा दहा पावले दूर उभे राहावे. चुकीची गाठ दिसली तरी लगेच पुढे होऊ नये. दोर सुटला की चूक मुलांनाच सापडते. मात्र आग, सुरी, पाणी किंवा उंची यांचा संबंध असेल तेथे हा नियम लागू नाही, तेथे मोठ्या माणसाने जवळच असले पाहिजे.

गाठींनंतर बांबूचे काम घ्यावे. दोन बांबू काटकोनात दोरीने बांधण्याला स्क्वेअर लॅशिंग म्हणतात; तिची सुरुवात आणि शेवट क्लोव्ह हिच या बांबूला दोर अडकवण्याच्या गाठीने होतो. मधले तीन वेढे आणि बांबूंमधून घट्ट ओढून घेतलेले दोन वेढे नीट पडले, तर संघाला भांड्यांचे मचाण उभारता येते. असे काम एकट्याला जमत नाही. एकाने बांबू धरायचा, दुसऱ्याने दोर ओढायचा, तिसऱ्याने कोन पाहायचा. कामाची वाटणी कशी करावी हे संघनायक येथे शिकतो.

संघातील प्रत्येकाला काही तरी कायमचे काम असावे. साहित्य सांभाळणारा, नोंदी ठेवणारा चिटणीस, खरी कमाईचा, म्हणजे मुलांनी स्वतः काम करून मिळवलेल्या पैशांचा, हिशेब ठेवणारा खजिनदार, प्रथमोपचार पेटी पाहणारा अशी वाटणी संघनायकाने करावी आणि ती दर तिमाहीला बदलावी.

महिन्यातून एकदा मानसभा, म्हणजे कोर्ट ऑफ ऑनर, भरवावी. पुढची पदयात्रा कोठे, शिबिरात कोणते पदार्थ, जमलेले पैसे कशावर खर्च करायचे, हे तेथे संघनायकांनी ठरवावे; स्काउटमास्तरांनी सल्लागार म्हणून बसावे. सभेत झालेला निर्णय आपल्याला फारसा पटला नाही, तरी सुरक्षिततेला बाधा नसेल तर तो पाळावा. एकदा जरी आपण तो परस्पर फिरवला, तर पुढच्या सभेत मुले गप्प बसतात.

आपल्याकडे जून ते दिवाळी हा काळ गाठी, नकाशा, होकायंत्र आणि प्रथमोपचार यांसाठी चांगला असतो आणि शिबिर हिवाळ्यात घेता येते. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान आणि तृतीय सोपान या पायऱ्यांची तयारीही संघातच व्हावी. शिबिराआधी प्रत्येक संघाने एक दिवसाची पदयात्रा पूर्णपणे स्वतः आखावी: वाट, पाणी, जेवण, पालकांची लेखी संमती गोळा करणे आणि परतीची वेळ. सोबत दोन मोठी माणसे असावीत, पण ती ओळीच्या शेवटी चालावीत. या पदयात्रेचे नेतृत्व उपसंघनायकाकडे द्यावे आणि संघनायकाने त्या दिवशी साधा सभासद म्हणून चालावे, म्हणजे दहावीची मुले पथक सोडून जातील तेव्हा पुढचा संघनायक आधीच तयार असेल.