छप्पन अक्षरांच्या खात्याला वाचता येईल असा पत्ता: स्टेलर फेडरेशन सर्व्हर कसा उभारावा

स्टेलर हे क्रिप्टो चलनात पैसे पाठवण्याचे नेटवर्क आहे. त्यावरच्या खात्याचा क्रमांक ५६ अक्षरांचा असतो. सुरुवात इंग्रजी 'जी'ने, पुढे मोठी अक्षरे आणि आकडे यांची सरमिसळ. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या विणकराने परदेशातल्या गिऱ्हाइकाला तो फोनवर सांगायचा म्हटले तर जमणार नाही. त्याऐवजी 'विणकर*माझेडोमेन.इन' एवढे सांगता येते. मध्ये ॲट नव्हे, तारा-चिन्ह असते. हा पत्ता टाकला की वॉलेट, म्हणजे पैसे पाठवण्याचे ॲप, त्या डोमेनच्या सर्व्हरला विचारते, 'विणकर म्हणजे कोणते खाते?', आणि सर्व्हर पूर्ण क्रमांक कळवतो. यालाच फेडरेशन सर्व्हर म्हणतात. पैसे त्यातून जात नाहीत. खात्याची गुप्त किल्ली त्याला लागत नाही, म्हणून ती तिथे कधीही ठेवू नये.

फाइलींची व सूचनांची नावे इथे देवनागरीत दिली आहेत. यंत्रावर ती इंग्रजी लिपीतच टंकावीत.

आधी नावांचा विचार

छप्पन अक्षरांच्या क्रमांकात शेवटी दोन बाइटची तपासणी-संख्या असते. टंकताना एखादे अक्षर चुकले तर वॉलेट तो क्रमांक नाकारते. वाचायला सोप्या नावाला हे कवच नाही. नाव चुकले आणि त्या चुकीच्या नावावर दुसऱ्याचे खाते असले, तर पैसे तिकडे जातात आणि परत बोलावता येत नाहीत. त्यामुळे नावे कशी द्यायची, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे.

आपल्या भागात तो जास्तच नाजूक आहे. १ नोव्हेंबर २०१४पासून सरकारी कागदांवर बेळगावी आले, बोलताना आपण बेळगाव म्हणतो आणि जुन्या इंग्रजी पाट्यांवर बेलगाम असे. निपाणीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये कोणी एक 'पी' लिहितो, कोणी दोन. नावात गाव येणार असेल तर अशी सगळी रूपे एकाच खात्याकडे वळवावीत आणि त्यांतले एकही दुसऱ्या माणसाला देऊ नये.

नियमांनुसार नाव देवनागरीतही चालते. फक्त रिकामी जागा, तारा-चिन्ह, स्वल्पविराम आणि कोनी कंस नकोत. तरी मुख्य नाव छोट्या इंग्रजी अक्षरांत ठेवावे. 'ॲ' हे अक्षर एका कीबोर्डवर एकच चिन्ह म्हणून उमटते, तर दुसऱ्यावर 'अ' आणि वरचा चंद्र अशी दोन चिन्हे म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, सर्व्हरला मात्र ती वेगळी नावे वाटतात. देवनागरी नाव हवेच असेल तर ते जोडनाव म्हणून द्यावे आणि त्याची दोन्ही रूपे नोंदवावीत.

सर्व्हर आणि तक्ता

स्वतःचे डोमेन आणि एक जीबी मेमरीचा भाड्याचा सर्व्हर पुरतो. घरातल्या संगणकावर हे चालवू नये. फेडरेशनचे उत्तर वॉलेटने साठवून ठेवू नये असा संकेत आहे, म्हणजे प्रत्येक पेमेंटच्या वेळी सर्व्हर जागा असायला हवा. पावसाळ्यात खानापूरकडे वीज गेली की ते शक्य होत नाही.

सर्व्हरवर एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये एक तक्ता करावा: नाव, डोमेन, खाते क्रमांक, मेमोचा (पेमेंटसोबत जाणाऱ्या छोट्या नोंदीचा) प्रकार, मेमो. नाव आणि डोमेन मिळून एकमेव असण्याची अट तक्त्यातच घालावी. नाव साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळा छोट्या अक्षरांत बदलावे, कारण फोनचा कीबोर्ड पहिले अक्षर आपोआप कॅपिटल करतो. खाते क्रमांक साठवण्याआधी स्टेलरच्या लायब्ररीकडून (तयार कोडकडून) त्याची तपासणी-संख्या पडताळून घ्यावी. इथे चूक शिरली तर ती प्रत्येक पेमेंटला अडवील.

उत्तर देणारा प्रोग्राम

पायथनमध्ये शंभरेक ओळींत हे काम होते. विचारणेत दोन गोष्टी येतात: 'क्यू', म्हणजे शोधायचा मजकूर, आणि 'टाइप', म्हणजे शोधाचा प्रकार. टाइप 'नेम' असेल तर पत्त्यावरून खाते शोधायचे, 'आयडी' असेल तर खात्यावरून पत्ता. उत्तर जेसन या मजकुरी मांडणीत द्यावे: स्टेलर पत्ता, खाते क्रमांक आणि गरज असल्यास मेमोचा प्रकार व मेमो. नाव सापडले नाही तर ४०४, म्हणजे 'सापडले नाही' हा वेबवरचा संकेत-आकडा, पाठवावे. '२०० (सगळे ठीक) आणि रिकामे उत्तर' पाठवल्यास काही वॉलेट गोंधळतात.

मेमोवर थोडे थांबायला हवे. एक्स्चेंजमधल्या (क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या बाजारातल्या) खात्यात हजारो लोकांचे पैसे एकाच क्रमांकावर येतात आणि कोणाचे कोणते हे मेमोवरून ठरते. मेमो राहिला तर रक्कम अडकते. क्रमांकी मेमो जेसनमध्ये अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणूनच द्यावा. उघडा आकडा मोठा असला तर जावास्क्रिप्ट त्याचे शेवटचे अंक बिघडवते. मजकूर मेमोची मर्यादा २८ बाइट आहे, २८ अक्षरे नव्हे. देवनागरीतले प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा तीन-तीन बाइट घेते. 'बेळगाव' १८ बाइटचे होते, 'बेळगाव शाखा' ३१ बाइटचे, म्हणजे बसत नाही. मेमो इंग्रजी अक्षरांत किंवा आकड्यांतच ठेवावा.

टोमल फाइल आणि एनजिनएक्स

डोमेनच्या मुळाशी 'डॉट वेल-नोन' नावाचा फोल्डर करून त्यात 'स्टेलर डॉट टोमल' ही सेटिंगची फाइल ठेवावी. तिच्यात एक ओळ पुरते: डावीकडे 'फेडरेशन अंडरस्कोर सर्व्हर', सगळी अक्षरे कॅपिटल, मग बरोबरचे चिन्ह, मग अवतरणचिन्हांत प्रोग्रामचा पूर्ण पत्ता, 'एचटीटीपीएस'पासून. एचटीटीपीएसशिवाय वॉलेट विचारणारच नाही. प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळते, पण ते ९० दिवसांचे असते, म्हणून नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय करावी.

काम अडते ते बहुधा पुढच्या तीनपैकी एका जागी. पहिली: एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या अनेक तयार मांडण्यांत टिंबाने सुरू होणारे फोल्डर बंद केलेले असतात, मग टोमल मागितली की ४०३ (परवानगी नाही) येतो. 'वेल-नोन'साठी वेगळा नियम त्याच्या आधी लिहावा. दुसरी: 'ॲक्सेस-कंट्रोल-अलाव-ओरिजिन' हा हेडर (उत्तराआधी जाणारी सूचना-ओळ) तारा-चिन्हासह टोमल आणि प्रोग्राम दोन्हींच्या उत्तरात हवा. तो नसला तर टर्मिनलवर सगळे ठीक दिसते आणि ब्राउझरमधले वॉलेट मात्र नकार देते. हेडरच्या ओळीशेवटी 'ऑलवेज' लिहावे, नाहीतर एनजिनएक्स ४०४च्या उत्तरात तो घालत नाही. तिसरी: मूळ डोमेन 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'कडे वळवलेले असते. पत्त्यात जे डोमेन आहे, टोमल नेमकी तिथेच थेट उघडली पाहिजे.

चाचणी

आधी टर्मिनलवरच्या कर्ल या प्रोग्रामने टोमल मागवावी, मग माहीत असलेले नाव, मग खोटे नाव. त्यानंतर टेस्टनेट या सरावाच्या नेटवर्कवर फ्रेंडबॉट या सेवेकडून चाचणीचे १०,००० ल्युमेन (स्टेलरचे चलन) घेऊन पेमेंट करून पाहावे. खऱ्या नेटवर्कवर जाताना लक्षात ठेवावे की नव्या खात्यात किमान १ ल्युमेन आल्याशिवाय ते अस्तित्वातच येत नाही. तोवर पत्ता बरोबर असूनही पेमेंट 'ठिकाण नाही' म्हणून परत येते. खात्यावरून पत्ता शोधला जावा असे वाटत असेल तर त्या खात्याच्या 'होम डोमेन' या रकान्यात आपले डोमेन, ३२ बाइटच्या आत, लिहावे.

सगळ्यांचे पैसे स्वतःच्या एकाच खात्यात घेऊन मेमोवरून वाटण्याचा मोह टाळावा. तसे केले की दुसऱ्यांची आभासी मालमत्ता सांभाळणारे तुम्ही ठरता आणि मार्च २०२३पासून अशा धंद्यावर मनी लाँडरिंगविरोधी कायद्याची बंधने आहेत. प्रत्येक नावाला त्याच माणसाचे खाते द्यावे. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर लागतो, हेही नाव घेणाऱ्याला आधीच सांगावे.

खाते बदलण्याची विनंती आली तर फक्त मेसेजवर विसंबू नये. फोन करून आवाज ओळखावा, मगच तक्ता बदलावा. डोमेनच्या खात्याला दोन टप्प्यांची ओळख-पडताळणी लावावी आणि नूतनीकरण निदान पाच वर्षांचे एकदम करावे. डोमेन सुटले आणि दुसऱ्याने घेतले, तर तुम्ही वाटलेले प्रत्येक नाव त्याच्या हाती जाते, आणि पैसे पाठवणाऱ्याला पत्ता पूर्वीसारखाच दिसत राहतो.