कुरण वाळलं की चरून संपलं? चितळांच्या कुरणात दरवर्षी होणाऱ्या चुका

ऑक्टोबर लागला की जंगलात चितळांसाठी गवताचं कुरण लावणारं कुणी ना कुणी मला फोटो पाठवतं. उघडी माती, मधूनच पिवळे पडलेले गवताचे दोन-चार ठोंब आणि खाली ओळ ठरलेली: 'यंदा पावसाने दगा दिला, आता काय करायचं?' माझा उलट प्रश्नही ठरलेला आहे. पिंजरा ठेवला होता का? त्यावर बहुतेकांचं उत्तरच येत नाही.

पिंजरा म्हणजे काही मोठी यंत्रणा नाही. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर उंच जाळीचा खोका. वरून बंद, तळाशी उघडा, चार कोपऱ्यांना जमिनीत ठोकलेले गज. गवताचं रोपण करतो त्याच दिवशी कुरणात असे तीन-चार ठेवून द्यायचे, आणि सोयीच्या जागी नव्हे तर जिथे चितळं खरंच बसतात तिथे. दर पंधरा दिवसांनी आत काय आहे आणि बाहेर काय आहे ते बघायचं. आत गुडघाभर गवत आणि बाहेर टक्कल असेल तर दोष पावसाचा नाही, तोंडांचा आहे. आतलंही मेलं असेल तर मग पाणी, माती, वाळवी यांच्याकडे वळा. एवढं न करता लोक थेट टँकर मागवतात.

हे शहाणपण मलाही फुकट मिळालेलं नाही. जंगलातलं गाव उठून गेल्यावर मोकळ्या पडलेल्या शेतांत आम्ही २ हेक्टरवर मारवेल गवताचे ठोंब लावले होते. ५० बाय ५० सेंटीमीटर अंतर धरलं तर हेक्टरी ४०,००० होतात, म्हणजे एकूण ८०,००० ठोंब. एकेक हाताने लावलेला. बायांनी पावसात वाकून वाकून कामाचे बारा दिवस घातले. जुलै छान गेला. ऑगस्टमध्ये पावसाने अठरा दिवसांची दडी मारली आणि कुरण पिवळं पडलं. मी अहवालात लिहून टाकलं, 'पावसाच्या खंडामुळे मर.' पाठोपाठ टँकर. आठवड्यात हिरवे कोंब दिसले आणि मी खूश. पुढच्या चार रात्रींत तेही गेले. एका पहाटे मोजली तर सत्तरच्या वर चितळं त्या २ हेक्टरांत उभी होती. आजूबाजूचं सगळं रान करपलेलं, त्यात मी त्यांच्यासाठी हिरवं ताट वाढून ठेवलेलं.

आमच्याकडे एक म्हातारे वनमजूर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांनी एक ठोंब उपटून माझ्या हातावर ठेवला. मूळ पांढरं, ओलसर. वर पात्यांची टोकं चिंधीसारखी फाटलेली. चितळाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ते गवत कापत नाही, ओढून तोडतं. सशाने खाल्लेलं पातं विळ्याने तिरकं छाटल्यासारखं दिसतं आणि रानडुकराने तर ठोंबासकट माती उलथलेली असते. मामा म्हणाले, "सायेब, हे वाळलं नाई, खाल्लं." मग मला बांधाकडे घेऊन गेले. तिथे बोरीची एक काटेरी फांदी मोडून पडली होती. तिच्याखाली सहा-सात ठोंब गुडघ्याच्या वर उभे होते आणि दोघांना तुरा फुटत होता. तीच माती, तोच अठरा दिवसांचा खंड, टँकरचं थेंबभर पाणीही तिथे पोचलेलं नाही. अहवाल मात्र जाऊन चुकला होता.

गवत पिवळं पडलं म्हणजे मेलं, हा नवख्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज. मारवेल, शेडा, डोंगरी गवत ही बहुवर्षायू गवतं आहेत. पाणी तुटलं की पातं सोडून देतात आणि बुंध्यात जीव धरून बसतात. त्यांना जड जातं ते नुसतं उपाशी राहणं नाही, उपाशी असताना पुन्हा पुन्हा तोडलं जाणं. निम्म्याहून जास्त पाला गेला की मुळांची वाढ थांबते. मूळ उथळ राहिलं की पुढच्या खंडात ओल हाती लागत नाही, आणि मग दुष्काळाने मेलं असं आपण खुशाल लिहितो. म्हणून माझी सवय अशी: रोपणानंतरचे दोन पावसाळे कुरण बंद. दुसऱ्या पावसाळ्याचं बी झडल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात उघडायचं आणि तेही एकदम नाही. तीन तुकडे करायचे. बोटांची वीत गवतावर उभी धरायची. वीतभर बुंधा शिल्लक दिसेनासा झाला की तो तुकडा बंद, पुढचा खुला. साहेबांना पाहुण्यांसाठी चितळांचा कळप दाखवायचा असतो म्हणून पहिल्याच दिवाळीत फाटक उघडणारे मी पाहिले आहेत. पुढच्या दिवाळीत त्यांच्याकडे दाखवायला तरोट्याचं तण असतं.

कुंपणाबद्दल एवढंच. पाच फुटी जाळी सांबर सहज उडी मारून ओलांडतं. उंचीच्या मागे लागण्यापेक्षा रुंदी वाढवा. बोर-बाभळीच्या फांद्यांच्या दोन रांगा आणि मध्ये चार-पाच फुटांची फट ठेवली, की पलीकडे पाय कुठे टेकेल याचा अंदाज न आल्याने जनावर उडी घ्यायला कचरतं. काटेरी तार वापरू नका, त्यात पाडसं अडकतात. आणि अर्ध्या एकराचं कुरण करूच नका. भुकेल्या रानात एवढासा तुकडा एका रात्रीचा असतो.

आता तरोटा. कोकणात, पश्चिम महाराष्ट्रात ज्याला टाकळा म्हणतात तोच. यावर बोलायला लागलो की माझा आवाज चढतो, इलाज नाही. चितळं याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे चराईचा ताण वाढला की गवत मागे हटतं आणि मोकळ्या मातीत हा फोफावतो. काढायचा तो फुलाआधी, म्हणजे ऑगस्ट सरायच्या आत, ओल्या मातीतून मुळासकट. प्रत्यक्षात काय होतं? मंजुरी येते सप्टेंबरात, मजूर मिळतात ऑक्टोबरात, तेव्हा शेंगा धरलेल्या असतात. मग तो विळ्याने कापला जातो, कारण माती कडक झालेली असते आणि कापायला सोपं पडतं. कापलेला ढीग कुरणातून ओढत बाहेर नेतात आणि वाटेभर बी सांडत जातं. कागदावर निर्मूलन, जमिनीवर पेरणी. लवकर कापलात तरी सुटका नाही. खालच्या पेरातून तो पुन्हा फुटतो आणि बुटका राहून फुलतो. एका पावसात एकदा काढून भागत नाही, कारण प्रत्येक चांगल्या सरीनंतर नवी उगवण येते. मी जुलै-ऑगस्टमध्ये तीन फेऱ्या धरतो आणि हे सलग तीन वर्षं. बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं, त्यामुळे दुसऱ्या वर्षी 'आता कमी झालाय' म्हणून हात आखडला की पहिल्या वर्षाची मजुरी पाण्यात. रानतुळशीचंही हेच, ती फक्त फुलायला थोडी उशीर करते.

ताडोब्यातलं नवेगाव असो की मेळघाटातली बोरी, कोहा, कुंड ही गावं, लोक उठून गेल्यावर मागे राहिलेल्या शेतांत कुरणं उभी राहिली त्यामागे अशी वर्षानुवर्षांची खुरपणी आहे. लोक फोटो बघतात आणि एका हंगामात तसं मागतात.

अशा जुन्या शेतांत ट्रॅक्टर घालून बांध सपाट करणाऱ्यांना तर मी हात जोडतो. शेतकऱ्याच्या आज्याने घातलेला तो धुरा (बांध) पाणी अडवतो, आणि खंडात सगळ्यात शेवटी पिवळं पडतं ते त्याच्या कडेचंच गवत. शिवाय नांगरट केली की खाली दडलेलं तरोट्याचं बी उजेडात येतं. मी दगड रचून फुटलेले धुरे बुजवतो, बाकी जमिनीला हात लावत नाही.

बियाण्याची घाई ही अजून एक. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोळा केलेलं ताजं बी लगेच उगवत नाही, त्याला सुप्तावस्था असते. कापडी पिशवीत कोरड्या जागी ठेवा आणि पुढच्या पावसात टाका. वर्षभर जुनं बी मला जास्त भरवशाचं वाटतं. खोल पुरायचं नाही. कुसळी गवताचं बी ओल्या बोटावर ठेवून पाहा: कुसळ पीळ सोडत हळूहळू गरागरा फिरतं आणि टोक कातडीत रुतायला बघतं. ज्याला स्वतःच जमिनीत शिरता येतं त्याच्यावर दोन इंच माती कशाला लोटायची? मात्र कोरड्यात उघडं टाकलंत तर मुंग्या उचलून नेतात, म्हणून मी शेण-मातीत कालवून टाकतो. आणि पहिल्या सरीला कधीच नाही. सबल (पहार) ठोकून बघायची. वीतभर खोल ओल लागली तरच.

झटपट हिरवं दिसावं म्हणून दीनानाथ गवत टाकणं. नको. फोफावतं, स्थानिक गवताला झाकतं, बी झडल्यावर काड्या उरतात आणि पुढच्या वर्षी ते नको तिथे उगवतं.

मिठाचे चाटण आणि पाणवठा कुरणाला चिकटून ठेवू नका. चरण्यापेक्षा खुरांनीच जास्त जातं.

उन्हाळ्यातही टँकरने पाणी घालू नका, करपलेल्या रानात ते हिरवं ताट वाढणंच. त्याचं काय होतं ते वर सांगितलंय.

नवे कोंब फुटावेत म्हणून जाळणं हा शेवटचा. फेब्रुवारीत पेटवलं की पंधरा दिवसांत हिरवं दिसतं हे खरं, पण ते बुंध्यातल्या साठ्यावर फुटलेलं असतं. पाऊस यायला चार महिने बाकी, आणि चितळं त्या कोंबांवर दिवसरात्र. नव्या रोपणात मी आगीला अजिबात शिरू देत नाही. आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो, त्याआधी कुरणाभोवतीची जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळा केलेला पट्टा, स्वतः चालून बघतो. गेल्या वर्षी एका ठिकाणी ती कागदावर पूर्ण होती आणि नाल्यापाशी चाळीस पावलं राहून गेली होती.