उन्हाळी कामठा, पावसाळी तीर

मे महिन्यात पंधरा पावलांवरून नेमका ठिपक्यात बसणारा तीर पोळ्याच्या सुमारास वीतभर डावीकडे जायला लागतो. दरवर्षी आमच्याकडची पोट्टी हाच प्रश्न घेऊन येतात. कोणी म्हणतं हात बिघडला, कोणी तीर मोडून टाकतं. हात तोच असतो. लाकूड पाणी प्यालेलं असतं आणि तीर अजून उन्हाळ्याचाच असतो. कामठा, म्हणजे धनुष्य, जुळवणं म्हणजे काय, ते सगळं या एका गोष्टीत आहे, म्हणून आधी सांगितली.

मी वाढई. गाव कुरखेडा तालुक्यात, जिल्हा गडचिरोली. बंड्या, नांगर, वखर करण्यात हयात गेली. धामणीचं लाकूड आमच्या घरात आज्याच्या काळापासून, कारण ते वाकतं आणि पुन्हा सरळ होतं. कामठ्याची विद्या मात्र शेजारच्या गोंड दादांची. त्यांच्या कामठ्याची दोरीसुद्धा बांबूच्या सालपटाची असे. मी करतो तो लांब कामठा, चालवणाऱ्याच्या उंचीएवढा. तो निशाणा खेळायला आहे. शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे, आणि माझ्या अंगणात येणाऱ्या प्रत्येक पोराला ते मी पहिल्याच दिवशी सांगतो.

कामठ्याला बांबू धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, असेल तर उत्तम. जंगलाबाहेरचा बांबू २०१७ पासून वन कायद्याच्या लेखी झाड राहिलेला नाही. जंगलातला हवा असेल तर ग्रामसभेला विचारा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि आज आमच्या जिल्ह्यात कितीतरी ग्रामसभा आपला बांबू स्वतः विकतात. तीन वर्षांचा, भरीव, जाड भिंतीचा बांबू निवडा. धान निघाल्यावर थंडीत तोडा आणि दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात दाबून ठेवा. बांबूतला गोडवा धुऊन जातो आणि किडा लागत नाही. मग सावलीत वाळवा. घाई केली की चिरतो.

ताशीव कामाबद्दल इथं थोडकंच सांगतो. बांबूची हिरवी साल ही कामठ्याची पाठ, म्हणजे निशाणाकडची बाजू. तिला वाकस, रंधा, कानस, काहीच लावायचं नाही. ताण ती झेलते. लाकूड काढायचं ते पोटाकडून, म्हणजे तुमच्याकडच्या बाजूनं, आणि गाठीपाशी जरा जाड ठेवायचं. शेवटचा हात काचेच्या तुकड्यानं. इंग्रजांचे जुने कामठे यू नावाच्या झाडाचे असत. त्याचं बाहेरचं पांढरं लाकूड ताणाला चांगलं आणि आतलं लाल दाबाला, म्हणून दोन्ही एकाच फळीत ठेवत. मेरी रोज हे त्यांचं जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं. त्यात सव्वाशेहून जास्त अखंड कामठे सापडले, बहुतेक सहा फुटांच्या वर. आपल्या बांबूत तीच जोडी निसर्गानं दिली आहे. सालीलगत धागे दाट, आत विरळ. ती साल जपा.

मुठीच्या वरचं आणि खालचं अशी दोन्ही पाती सारखी वाकतात का, ते पाहायला आडाची जुनी कप्पी कामाला येते. कामठा मुठीवर आडव्या दांड्याला बसवा, दोरीला आकडा लावा, तो दोर कप्पीतून घ्या आणि चार पावलं मागं उभं राहून हळूहळू ओढा. जवळून पाहिलं तर डोळा फसतो. जिथं वाकत नाही तिथून लाकूड काढा, जिथं जास्त वाकतं तिथं हात लावू नका. प्रत्येक तासणीनंतर वीस-तीस वेळा ओढून सोडा, म्हणजे अर्धा ओढून हातानं परत आणा. लाकडाला नवा आकार कळायला वेळ लागतो. तीर मुठीच्या वरून जात असल्यानं खालचं पातं किंचित ताठ हवं: चढवलेल्या, म्हणजे दोरी लावून ताणलेल्या, कामठ्यात दोरीपासूनचं अंतर खालच्या पात्यापेक्षा वरच्या पात्याला एक-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त भरलं की बरोबर.

आता ओढ मोजा. धान मोजायचा टांगता काटा तुळईला बांधा, आकड्यात दोरी अडकवा, मूठ खाली ओढा. तुमचा तीर पूर्ण ओढल्यावर जिथवर येतो, तिथवरच. माझा रोजचा कामठा मे महिन्यात १९ किलो ओढतो, म्हणजे ४२ पौंड. तीरांचा हिशोब पौंडात चालतो, म्हणून दोन्ही आकडे वहीत लिहा. नवशिक्यानं १२-१३ किलोच्या वर जाऊ नये. जड कामठा ओढताना खांदा वर जातो, श्वास अडकतो आणि बोटं झटक्यानं सुटतात; मग वर्षभर तीच खोड मोडत बसावं लागतं.

दोरी डेक्रॉनची, म्हणजे पॉलिएस्टर धाग्याची, घ्या. ओल पीत नाही आणि लाकडाला झटका कमी देते. अंबाडीची वळली तर पावसात भिजून ती आखडते आणि कामठा जास्त चढतो, हे लक्षात ठेवा. पोळ्याच्या मेणाचा हात दोन्हीला लागतो, आणि हे पोळं मधमाश्यांचं.

चढवलेल्या कामठ्याची मूठ आणि दोरी यांतलं अंतर मोजायची जुनी रीत अशी: हाताची मूठ आवळून अंगठा उभा करा. मुठीच्या बुडापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत साधारण सहा ते साडेसहा इंच भरतात. तिथून सुरुवात करा. दोरीला पीळ द्या, चार तीर सोडा, पुन्हा पीळ द्या, पुन्हा सोडा. कान द्या. अंतर कमी असलं की दोरी मनगटाला चाटते आणि कामठा ठणकतो. जास्त झालं की तीराचा जोर उतरतो. एका जागी आवाज बसका होतो आणि हाताला थरथर जाणवत नाही. ते अंतर वहीत लिहा. दोरी उतरवून पुन्हा चढवली की दरवेळी आधी तेच पाहायचं.

तीराची खाच दोरीवर कुठं बसते, तिथं दोऱ्याचे पाच-सहा वेढे द्या. मुठीवरून दोरीला काटकोनात जाणाऱ्या रेषेपेक्षा ती तीन-चार सूत वर हवी, कारण तीर आपल्या बोटाच्या गाठीवरून जातो आणि पिसाचा देठ हाताला लागू शकतो.

खरी मेहनत तीराची. तीर मुठीच्या डाव्या अंगाला बसतो (उजव्या हातानं ओढणाऱ्यांचा), त्यामुळं सोडताना त्याचं तोंड थोडं डावीकडेच असतं. तरी तो सरळ जातो, कारण दोरीचा धक्का बसला की तो मधून वाकतो आणि मुठीला वळसा घालून निघतो. किती वाकावा हे जुळलं पाहिजे. ताठ तीर वळसा घेत नाही, डावीकडे लागतो. लवचीक जास्त वाकतो, उजवीकडे लागतो.

लवचीकता मोजायला बाजारातलं यंत्र लागत नाही. फळीवर दोन खिळे २६ इंच अंतरावर मारा, तीर त्यांवर ठेवा, मध्ये ९०० ग्रॅम तांदळाची पिशवी टांगा आणि तीर किती सूत झुकतो ते पाहा. त्या सुतांचे इंच करून २६ ला त्यांनी भागा. ५ सूत झुकला तर सुमारे ४२ पौंडाचा, ६ सूत झुकला तर सुमारे ३५ चा. आपल्या मुठीला खाचा कापलेला नसतो, तीराला लांबचा वळसा घ्यावा लागतो, म्हणून कामठ्याच्या ओढीपेक्षा पाच-दहा पौंड कमीचा तीर घ्या. माझ्या ४२ च्या कामठ्याला ६ सुतांचे तीर चालतात. बारीक बांबूची काडी फिरवून मोजली तर एका बाजूला जास्त ताठ निघते. ती ताठ बाजू मुठीकडे येईल अशी खाच पाडा आणि फुटू नये म्हणून खाचेखाली दोरा गुंडाळा. जाड बुंधा पुढं, बारीक शेंडा खाचेकडे. वाकडी काडी निखाऱ्यावर शेकून सरळ करा. तिन्ही पिसं एकाच पंखाची हवीत.

वजन सोनाराच्या काट्यावर. आठवडी बाजाराच्या दिवशी मी अख्खा गठ्ठा घेऊन जातो. ४२ पौंडाच्या कामठ्याला २७ ग्रॅमपेक्षा हलका तीर देऊ नका. हलका तीर सगळी ताकद उचलू शकत नाही. उरलेली ताकद लाकडात परत जाते आणि ते फोडते. याच कारणानं बिनतीराची दोरी कधी सोडायची नाही. पाहुणे आले की तेच करतात, त्यांच्या हातून कामठा काढून घ्या.

मग बिनपिसांची चाचणी. निशाण म्हणून धानाची तणस घट्ट आवळून बांधा, मागं बोडीची, म्हणजे लहान तळ्याची, पाळ असू द्या, आणि पाळीपलीकडे कोणी नाही हे स्वतः जाऊन पाहा. सारखेच तीन तीर पिसांचे आणि तीन बिनपिसांचे, पंधरा पावलांवरून. पिसं चूक झाकतात, नागडा तीर ती दाखवतो. नागडे तीर डावीकडे गेले तर ताठ आहेत: पुढचं टोक दोन ग्रॅमनं जड करा. उजवीकडे गेले तर लवचीक: काडी पाव-पाव इंच कापा किंवा टोक हलकं करा. खाली लागले तर दोरीवरचे वेढे सूतभर खाली सरकवा, वर लागले तर वर. आधी ही उंची नीट करा, डावं-उजवं नंतर, कारण खाच खूप खाली असली की तीर हातावर आपटून कुठंही जातो. एका वेळी एकच बदल. एका तीरावरून काही ठरवू नका, बोटं वाईट सुटली तरी तीर डावीकडे जातो.

हे सगळं जुळवून तुम्ही वही मिटाल, आणि मृग लागेल. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि तशा कोरड्या हवेत लाकडातली ओल चार-पाच टक्क्यांवर येते. झडीच्या दिवसांत तीच पंधराच्या आसपास जाते. कोरडं लाकूड ताठ आणि ठिसूळ, ओलं लाकूड मऊ आणि आळशी. माझा १९ किलोचा कामठा ऑगस्टमध्ये १७ भरतो. कामठा नरम झाला म्हणजे तोच तीर त्याच्यापुढं ताठ ठरला. म्हणून डावीकडे. मी तीरांचे दोन गठ्ठे ठेवतो. पावसाळी गठ्ठ्याची टोकं दोन ग्रॅमनं जड आहेत आणि खाचेपाशी निळा दोरा आहे.

माझा पहिला धामणीचा कामठा नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, गेला. चढवलेलाच टिनाखाली टांगून ठेवला होता, भर दुपारी काढला आणि पहिल्याच ओढीला वरचं पातं मुठीपासून हातभर अंतरावर तुटलं. तुकडा कानाजवळून गेला. तेव्हापासून नवतप्यात दुपारी मी कामठा ओढत नाही. सकाळी ओढतो, तोही आधी पाव, मग अर्धा, मग पूर्ण. पावसाळ्यात उलट काळजी: ओला कामठा तुटत नाही, पण वाकलेलाच राहतो, आणि ती ओढ परत येत नाही. म्हणून खेळ झाला की लगेच दोरी उतरवा. कोपऱ्यात उभा टेकवू नका. आतल्या भिंतीला दोन खुंट्यांवर आडवा ठेवा, चुलीपासून लांब, आणि महिन्यातून एकदा पाठीला जवसाचं तेल चोळा. तेल लावताना बोट सालीवरून फिरवा. कुठं धागा उठलेला लागला तर तो कामठा त्या दिवशी चढवायचा नाही.