परदेशी भाषा आणि संस्कृतीची पदवी: आखणी करताना या चुका टाळा

जपानी, जर्मन, अरबी किंवा फारसी घेऊन बी.ए. करायचं ठरलं की आधी कॉलेजचं नाव बघितलं जातं, मग फी, मग नोकरी. वर्गात त्या भाषेचे प्रत्यक्ष किती तास मिळणार, हे फार थोडे विचारतात. तिसऱ्या वर्षी पुस्तक समोर असूनही वाचता येत नाही, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

तासांचा हिशेब न करणं

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात, त्यातली ६० मेजर म्हणजे मुख्य विषयाची. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. म्हणजे मेजरचे सगळे मिळून ९०० तास. साहित्याचा इतिहास, समाज-संस्कृती हे पेपरही त्यातच येतात आणि ते बरेचदा इंग्रजीतून शिकवले जातात. मग भाषेच्या वाट्याला निम्मे, म्हणजे ४५० तास उरले तर नवल नाही.

आता गरज किती ते बघा. भाषा कामकाजापुरती नीट यायला इंग्रजी भाषकांना किती तास लागतात, याचा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था असा अंदाज देते: फ्रेंच-स्पॅनिशला साधारण ६०० ते ७५० तास, रशियन-फारसीला ११००, जपानी, चिनी, कोरियन आणि अरबीला २२००. मराठी माणसाला यात थोडी सूट मिळते. जपानी-कोरियनमध्ये क्रियापद शेवटी येतं आणि प्रत्यय नामाच्या मागे लागतात, अगदी आपल्यासारखं. फारसीत शहर, हजार, कागद, दरवाजा हे ओळखीचे शब्द पहिल्याच आठवड्यात भेटतात. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्राक्षरं, मात्र सगळ्यांना सारखीच घोकावी लागते.

जपानीचे २२०० तास धरले आणि वर्गात ४५० मिळाले, तर १७५० ची तूट राहते. तीन वर्षांत, सुट्ट्या धरूनसुद्धा, आठवड्याला ११ तासांहून जास्त. ती सगळी भरली नाही तरी चालेल, पण आकडा प्रवेशाआधी डोळ्यांसमोर हवा. सहाही सेमिस्टरचा सिलॅबस मागून घ्या आणि प्रत्येक पेपरपुढे तो कोणत्या भाषेतून शिकवला जातो ते लिहा. हे सांगायला विभाग टाळाटाळ करत असेल, तर दुसरं कॉलेज बघा. पहिल्या दोन सेमिस्टरमध्ये भाषेचे तास कमी असतील, तर पुढे कितीही चांगले पेपर असले तरी ते भाषांतरावरच शिकावे लागतात.

प्रदेश एक, भाषा भलतीच

अरबीच्या वर्गात प्रमाण अरबी शिकवतात. वर्तमानपत्र, बातम्या, पुस्तकं यांसाठी ती हवीच. पण कैरोच्या बाजारात इजिप्तची बोली चालते आणि मोरोक्कोतली तिच्याहून फार वेगळी. माणसांशी बोलून अभ्यास करायचा असेल, तर दुसऱ्या वर्षापासून एक बोली धरा, दोन नकोत. फारसीचंही असंच: ताजिकिस्तानात तीच भाषा सिरिलिक लिपीत लिहितात.

मराठ्यांच्या इतिहासासाठी फारसी घेणाऱ्यांनी इथे जास्त सावध राहावं. छापील फारसी वाचता आली म्हणून जुनं पत्र वाचता येत नाही, कारण अशी बरीच पत्रं शिकस्ता वळणात, घाईच्या जोडाक्षरांत लिहिलेली असतात. शिवाय पुण्याच्या पेशवे दप्तरातला बहुतांश कागद मोडीत आहे. फारसी मेजर आणि मोडी शून्य, अशी आखणी अर्धी राहते. मोडीचा छोटा वर्ग पहिल्या उन्हाळ्यातच उरकावा. गोव्याच्या जुन्या कारभारावर काम करायचं असेल तर पोर्तुगीज टाळता येत नाही.

शिष्यवृत्तीचं वर्ष हुकणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. जपान सरकारची मेक्स्ट ही शिष्यवृत्ती जपानी भाषा-संस्कृतीच्या पदवी विद्यार्थ्यांना साधारण वर्षभर जपानी विद्यापीठात पाठवते. अट अशी की जाताना तुम्ही आपल्या विद्यापीठाचे विद्यार्थी असायला हवे आणि परत आल्यावरही. तीन वर्षांच्या पदवीत तिसऱ्या वर्षी अर्ज केला, तर निघायच्या वेळी पदवी संपलेली असते आणि पात्रताच जाते. म्हणून अर्ज दुसऱ्या वर्षी करायचा, आणि त्याची भाषेची तयारी पहिल्या वर्षापासून. तिथले कोणते पेपर इथे धरले जातील हे विभागाकडून जाण्याआधी लेखी घ्या. तोंडी होकारावर गेलेल्यांचं एक वर्ष वाया जातं.

चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचा असेल, तर यूजीसीच्या आराखड्यात पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. पहिल्या वर्षी ढिलाई केली तर ती इथे आडवी येते.

प्रमाणपत्रावर नको तेवढी भिस्त

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत बोलण्याची परीक्षा नसते आणि निबंधही नसतो, सगळे प्रश्न पर्यायी. तिची एन३ ही मधली पातळी पास होऊनही फोनवर दोन वाक्यं जमत नाहीत, ती याचमुळे. कोरियनच्या टोपिक परीक्षेचा निकाल दोनच वर्षं ग्राह्य धरतात, त्यामुळे पहिल्या वर्षी हौसेने दिलेली परीक्षा नोकरीच्या वेळी कामाला येत नाही. फ्रेंचच्या देल्फ परीक्षेच्या प्रमाणपत्राला मुदत नसते, ती कधीही द्या.

अर्ज भरताना

जेएनयूचे भाषांचे बी.ए. ऑनर्स प्रवेश २०२२ पासून सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेवर होतात. २०२५ पासून जास्तीत जास्त ५ विषय निवडता येतात. म्हणून आधी प्रत्येक विद्यापीठाला कोणते पेपर हवेत याचा तक्ता करा, मग विषय भरा. दुरुस्तीची मुदत गेली की राहिलेला पेपर घालता येत नाही.

आधीच अडकला असाल तर

दुसऱ्या सेमिस्टरनंतर भाषा मागे पडली असेल, तर नवी भाषा घेऊ नका. मायनरची (दुय्यम विषयाची) २४ क्रेडिट मोकळी असतील, तर विभागाच्या परवानगीने त्याच प्रदेशाचा इतिहास किंवा भाषाविज्ञान घ्या, म्हणजे वाचन एकाच दिशेने जाईल. विद्यापीठ मान्य करत असेल तर सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत पेपर स्वयम या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलवरून करता येतात. वेळापत्रक हलकं करून ते तास भाषेला द्या. आणि सुट्टीत रोज दोन तास: पहिला मोठ्याने वाचण्याचा, दुसरा ऐकून लिहिण्याचा. नुसत्या शब्दांच्या याद्या पाठ करण्यात उन्हाळा घालवला, तर तिसऱ्या सेमिस्टरला पुन्हा तिथेच उभे राहाल.