ऑस्ट्रियात राहून ऑस्ट्रियाचीच स्की घ्यायची असेल तर

स्की घ्यायला निघालात तरी पहिला खर्च बुटांवर करा. नव्याने ऑस्ट्रियात आलेल्या आपल्या घरांत बहुधा उलटी गंगा वाहते: आधी झळझळीत रंगाची स्की आणि मग उरलेल्या पैशांत जमतील ते बूट. पायाचा हुकूम स्कीपर्यंत पोचवतो तो बूटच. तो सैल असेल तर हजार युरोंची स्कीसुद्धा ऐकत नाही. घरी भिंतीला टाच लावून पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून ठेवा. पाऊल 26.5 असेल तर बूटही 26.5 चाच मागायचा. दुकानात एकच पातळ मोजा घाला. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकावीत, गुडघे वाकवून झुकल्यावर ती किंचित मागे यावीत आणि टाच जागेवरून उचलली जाऊ नये. बुटावरचा फ्लेक्सचा, म्हणजे कडकपणाचा, आकडा एका कंपनीचा दुसऱ्या कंपनीशी ताडून बघू नका. तो सगळीकडे एकाच मापाने मोजलेला नसतो.

मग स्वतःला विचारा की खरोखर कुठे जाणार आहात. व्हिएन्नाहून दिवसभरासाठी झेमरिंग किंवा श्टुहलेक गाठणाऱ्याला बऱ्याचदा यंत्राने टाकलेला, सकाळी कडक आणि दुपारी मऊ पडणारा बर्फ मिळतो. तिथे कमरेला, म्हणजे स्कीच्या मध्यभागी, 65 ते 75 मिलिमीटर रुंदीची, कडा घट्ट पकडणारी पिस्ट स्की (तयार केलेल्या उतारांसाठीची) हवी. पश्चिमेकडच्या आर्लबर्गला जाऊन कधीमधी बाजूच्या ताज्या बर्फातही उतरायचं असेल तर 80 ते 90 ची घ्या. त्याहून रुंद जोडी भुरभुरीत खोल बर्फात सुरेख तरंगते, पण कडक उतारावर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळ लावते. स्कीवर तीन आकडे छापलेले असतात: पुढची, मधली आणि मागची रुंदी. मधला आधी वाचा. त्याच्या जवळपासच मीटरमध्ये वळणाची त्रिज्या असते; 12-13 म्हणजे छोटी, झटपट वळणं आणि 17-18 म्हणजे लांब, वेगातली. लांबीचं म्हणाल तर स्की उभी धरल्यावर नवशिक्याने छाती ते हनुवटी, सरावलेल्याने हनुवटी ते नाक, एवढा अंदाज पुरतो.

आता ‘देशी’, म्हणजे ऑस्ट्रियन, कोणती म्हणायची, याचा विचार दुकानात शिरण्याआधीच करून ठेवावा. फिशर ही स्की-कंपनी 1924 पासून अप्पर ऑस्ट्रियातल्या रीडमध्ये आहे. अ‍ॅटॉमिक 1955 साली सुरू झाली, तिचं घर झाल्झबुर्ग प्रांतातलं आल्टनमार्क्ट; आज मालकी आमेर स्पोर्ट्स या परदेशी समूहाकडे आहे. मिटरझिलची ब्लिझर्ड इटलीच्या टेक्निका समूहात गेली, पण कारखाना मिटरझिललाच राहिला. हेडचा जन्म अमेरिकेतला असला तरी कंपनीचा संसार फोरार्लबर्गमधल्या केनेलबाखला आहे. उलट फिशर अस्सल ऑस्ट्रियन असूनही तिचा मोठा कारखाना युक्रेनमधल्या मुकाचेवोला आहे. त्यामुळे नुसत्या नावावरून काही ठरत नाही. माझं मत स्पष्ट आहे: भागभांडवल कुणाचंही असो, लाकूड, धातू आणि राळ यांचे थर ज्या गावच्या माणसांनी दाबून जोडले, त्या गावची ती स्की. म्हणून मॉडेलनिहाय विचारा, आणि ‘मेड इन ऑस्ट्रिया’ ही अक्षरं जोडीवर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. युक्रेनमध्ये बनलेली फिशर वाईट, असं मुळीच नाही. आपण पैसे कशाचे देतोय एवढं कळलं पाहिजे.

या कारागिरीविषयी मला मनापासून आदर आहे, कारण ती एका कारखान्यात संपत नाही. महागड्या स्कीत लाकडी गाभ्याच्या वर-खाली जो टायटॅनलचा पत्रा असतो, ते खास अ‍ॅल्युमिनियमचं मिश्रधातू रान्सहोफेनच्या आमाग या कंपनीचं. आयझेनश्टाटची इझोस्पोर्ट ही कंपनी स्कीचे तळ आणि वरचे थर बनवते. विक्रेत्याला विचारा, गाभा लाकडाचा की फोमचा, आणि बाजूच्या भिंती सरळ उभ्या आहेत की वरचं कवचच खाली वाकवलंय. लाकडी गाभा आणि उभ्या भिंतींची सँडविच बांधणी कडक बर्फावर थरथर कमी करते आणि वर्षानुवर्षं टिकते. टायटॅनलचे दोन पत्रे असलेली जोडी मात्र वजनाला आणि स्वभावाला भारी. पहिल्या दोन-तीन हिवाळ्यांत तिची गरज नाही. तळ सिंटर्ड (प्लास्टिकची भुकटी दाबून बनवलेला) असेल तर तो मेण चांगलं धरून ठेवतो आणि वेगाने घसरतो, पण त्याला वेळोवेळी मेण लागतं. ते जमणार नसेल तर साधा एक्स्ट्रुडेड (वितळवून ओढलेला) तळ बरा.

दुकानात जोडी हातात घ्या. दोन्हींवरचा क्रमांक एकच आहे ना बघा. तळाला तळ लावून धरा: टोकं टेकावीत, मध्ये फट असावी, आणि मधोमध दाबल्यावर ती सारखी मिटावी. तळावर आडवी स्टीलची पट्टी ठेवून उजेडाकडे धरा. कुठून प्रकाश झिरपला तर तळ खोलगट किंवा फुगीर आहे. जुनी जोडी असेल तर कडांवरून नख फिरवा, खाचा लगेच लागतात.

शक्य असेल तर विकत घेण्याआधी तीच स्की भाड्याने घेऊन एक दिवस चालवा. डोंगरावरच्या बऱ्याच दुकानांत चाचणीच्या जोड्या मिळतात, काही ठिकाणी भाडं किमतीतून वळतंही करतात. 1976 च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाचा स्कीपटू फ्रान्झ क्लामर याच्यासाठी फिशरने टोकाला भोक असलेली नवी स्की तयार ठेवली होती. ती बाजूला सारून तो आपल्या ओळखीच्या जुन्या जोडीवर उतरला आणि डाउनहिलचं सुवर्ण जिंकला. पाय काय सांगतो त्याला कॅटलॉगपेक्षा जास्त मान द्यावा. त्याच कारणाने शर्यतीच्या जोड्यांच्या मोहात पडू नका. त्या घडवलेल्याच असतात शर्यतीच्या वेगासाठी आणि ताकदीच्या पायांसाठी.

मुलांसाठी ‘वाढत्या अंगाचं’ हा आपला नियम इथे सोडावा लागतो. लांब स्की आणि मोठा बूट म्हणजे गुडघ्याला धोका. त्यांच्यासाठी देशी-परदेशीचा विचारही करू नका. हंगामभराच्या भाड्याने पूर्ण संच घ्या, पुढच्या वर्षी पाय वाढला की पुढचं माप. फोमचा गाभा मुलांना चालतो, हलका पडतो. शाळेची स्की-सहल असेल तर फेब्रुवारीच्या सुट्टीआधीच मापं घ्या, ऐन वेळी लहान बूट संपलेले असतात.

नवी मॉडेलं शरदात दुकानांत लागतात आणि हंगाम उतरताना, मार्चच्या सुमारास, त्यांचे भाव पडतात. घाई नसेल तर तोवर थांबा.

शेवटचं काम बाइंडिंगचं, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडल्यावर सोडणाऱ्या पकडीचं, आणि ते घरच्या पेचकसाने करायचं नाही. जाताना वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळव्याची मिलिमीटरमधली लांबी लिहून न्या. ही लांबी बुटावरच कोरलेली असते. कसे उतरता, तेही खरं सांगा. कौशल्य फुगवून सांगितलं तर बाइंडिंग सुटण्याचा आकडा जास्त लावला जातो, आणि पडल्यावर बूट सुटत नाही. बुटाचा तळवा ग्रिपवॉकचा (चालायला सोपा, किंचित गोलाईचा) आहे की जुन्या प्रकारचा, हे दाखवून बाइंडिंग त्याला चालतं याची खात्री करून घ्या. ब्रेक स्कीच्या कमरेपेक्षा थोडाच रुंद असावा. बाइंडिंग-तपासणीच्या आयएसओ 11088 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे यंत्रावर तपासून मिळालेला कागद बिलासोबत जपून ठेवा, आणि बूट बदलले, वजनात फरक पडला किंवा नवा हंगाम आला की तो घेऊन पुन्हा तपासणी करून घ्या.