'व्हेग' वापरताय? मग या चुका टाळा

इंग्रजीतला व्हेग (vague, म्हणजे मोघम) शब्द ऑफिसच्या मेलमध्ये रोज दिसतो आणि रोज चुकतो. आधी उच्चार, शेवटी यू आणि ई दिसतात म्हणून बरेच जण व्हेग्यू म्हणतात, पण लीग, फटीगसारखं इथेही ते दोघं गप्प असतात, नुसतं व्हेग म्हणायचं.

खरी चूक पुढे आहे आणि चांगलं इंग्रजी येणारेही ती करतात, ती म्हणजे व्हेग आणि अँबिग्युअस एकच समजणं. 'सांगलीला राहणाऱ्या मित्राच्या भावाला भेटलो', आता सांगलीला मित्र राहतो का भाऊ? दोन अर्थ निघतात, दोन्ही स्पष्ट, कुठला घ्यायचा तेवढं कळत नाही, हे अँबिग्युअस, आपलं संदिग्ध. 'बघू, करू काहीतरी' यात धड एकही अर्थ हाताला लागत नाही, हे व्हेग. मोघम. आणि 'पंधरा-वीस मिनिटांत पोचतो' हा साधा अंदाज आहे, अप्रॉक्झिमेट, त्याला व्हेग म्हणून त्या बिचाऱ्याला उगाच बोलू नका.

मूळ माहीत असलं की गोंधळ कमी होतो. लॅटिनमध्ये वागुस म्हणजे भटकणारा, तो फ्रेंचमधून 16व्या शतकात इंग्रजीत आला. व्हॅगाबाँड त्याच घरातला, आणि मेंदूपासून निघून मान, हृदय, फुफ्फुसं करत पार पोटापर्यंत भटकणारी व्हेगस नर्व्ह पण. लास व्हेगसचा मात्र काही संबंध नाही हं, ते स्पॅनिश, अर्थ कुरणं.

व्हेग म्हणजे किरकोळ दोष असंही समजू नका. 2012 साली फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली तेव्हा आयटी कायद्याचं कलम 66अ लावलं होतं, त्यात 'त्रासदायक' वगैरे शब्द होते, आता किती त्रास झाला की गुन्हा ते कोण ठरवणार? त्यावरूनच श्रेया सिंघल खटला उभा राहिला आणि 24 मार्च 2015 ला सुप्रीम कोर्टाने ते कलमच रद्द केलं, शब्द फार मोघम आहेत हे त्याचं एक मोठं कारण.

तुमच्या मेलवर 'टू व्हेग' असा शेरा आला तर अजून दोन पॅरा वाढवू नका, मोघमपणा लांबी वाढवून जात नाही. 'लवकरात लवकर' काढा, 'शुक्रवारी संध्याकाळी 5 पर्यंत' लिहा, कोण करणार ते नाव टाका. आणि पाठवण्याआधी स्पेलिंग बघा, ए च्या जागी ओ पडला तर व्होग होतं, म्हणजे फॅशन, आणि स्पेलचेक ते पकडत नाही.