एप्रिलच्या भाडेवाढीचं पत्र आलं की काय काय बघायचं (इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या किंवा हाउसिंग असोसिएशनच्या घरात राहणाऱ्यांसाठी)

फेब्रुवारी संपत आला की माझ्या मावशीचा फोन येतो, अगं ते पत्र आलंय, रविवारी ये. ते पत्र म्हणजे भाडेवाढीचं पत्र, फ्रिजवर मॅग्नेटखाली लावून ठेवलेलं असतं. मावशी गिरगावात पागडीच्या खोलीत वाढलेली, तिथे भाडं म्हणजे नावापुरतं, त्यामुळे इथे दरवर्षी वाढ होते हे तिला अजून पटत नाही आणि दरवर्षी पहिला प्रश्न तोच, "हे असं वाढवू शकतात का गं?" तर त्याचं उत्तर आणि त्यापुढचं सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय, कारण ओळखीतले बरेच जण आईवडलांची पत्रं वाचायला बसतात आणि टक्केवारीवरच अडकून पडतात, पैसे मात्र दुसरीकडूनच गळत असतात.

आधीच सांगते, हे फक्त इंग्लंडचं आहे. (कौन्सिल म्हणजे तिथली स्थानिक पालिका, हाउसिंग असोसिएशन म्हणजे स्वस्त भाड्याने घरं देणारी ना-नफा संस्था.) स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडचे नियम वेगळे, तिकडच्यांनी यातले आकडे वापरू नका. आणि प्रायव्हेट घरमालकाकडे राहत असाल तरी हे तुमच्यासाठी नाही.

वाढ ठरते कशी? आदल्या वर्षीच्या सप्टेंबरचा महागाईचा आकडा, म्हणजे सीपीआय, घ्यायचा आणि त्यात 1 टक्का मिळवायचा, जास्तीत जास्त तेवढी वाढ करता येते. सप्टेंबर 2025 चा सीपीआय 3.8 टक्के होता म्हणून एप्रिल 2026 ची मर्यादा 4.8 टक्के. त्याच्या आदल्या वर्षी 2.7 होती, त्याच्या आधी एप्रिल 2024 ला 7.7. एप्रिल 2023 ला या हिशोबाने 11.1 टक्के झाली असती (सप्टेंबर 2022 ला महागाई 10.1 टक्के होती, आठवत असेल सगळ्यांना तो हिवाळा आणि ती गॅसची बिलं) म्हणून सरकारने तेव्हा 7 टक्क्यांवर लगाम घातला. आणि 2016 पासून चार वर्षं तर दरवर्षी 1 टक्का भाडं कमीही केलं होतं. म्हणजे हा आकडा तुमचा घरमालक मनाने काढत नाही, सरकारी धोरणातून येतो, आणि म्हणूनच मर्यादेच्या आतल्या वाढीवर भांडण्यात शक्ती घालवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. हाउसिंग असोसिएशनच्या काही भाडेकरूंना ट्रिब्युनलकडे (असे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) जाता येतं, पण ट्रिब्युनल बघतं बाजारभाव, आणि तुमचं भाडं बाजारभावापेक्षा बरंच खाली असतं, त्यामुळे हाती काही लागत नाही. त्यापेक्षा पत्रातली चूक शोधा, ती सापडते.

तर पत्र हातात घ्या आणि सोबत गेल्या वर्षीचं पत्र पण घ्या, हे महत्त्वाचं, एकट्या नव्या पत्रावरून काहीच कळत नाही. (जुनं टाकून दिलं असेल तर ऑनलाइन अकाउंटवर असतं, नाहीतर फोन करून कॉपी मागा.) पहिलं बघायचं ते तुमचं भाडं सोशल रेंट आहे का अफोर्डेबल रेंट. नावं सारखी वाटतात पण फरक मोठा आहे. सोशल रेंट एका ठरलेल्या फॉर्म्युल्याने निघतं, त्यात त्या भागातले पगार, बेडरूम किती आणि घराची जानेवारी 1999 ची किंमत धरलेली असते. अफोर्डेबल रेंट बाजारभावाच्या 80 टक्क्यांपर्यंत असू शकतं आणि त्यात सर्व्हिस चार्ज (सफाई, लिफ्ट वगैरेंचा खर्च) धरलेला असतो. मग बघा बेडरूमची संख्या बरोबर लिहिलीय का, नवीन भाडं कोणत्या तारखेपासून आहे, आणि पत्र वेळेत आलंय का. कौन्सिलच्या सिक्युअर टेनन्सीला (कायमस्वरूपी भाडेकराराला) किमान चार आठवडे आधी नोटीस लागते, हाउसिंग असोसिएशनच्या बहुतेक टेनन्सीत किमान एक महिना, पण तुमच्या करारात भाडेवाढीचं वेगळं कलम असेल तर ते लागू होतं, म्हणून करार पण काढून ठेवा. 2026 मध्ये ज्यांचं भाडं सोमवारपासून सोमवार मोजलं जातं त्यांची वाढ बहुधा 6 एप्रिलपासून असेल.

आता हिशोब. समजा जुनं भाडं आठवड्याला 112.40 पाउंड. त्यावर 4.8 टक्के म्हणजे 5.40, नवीन भाडं 117.80. फोनच्या कॅल्क्युलेटरवर जुन्या भाड्याला 1.048 ने गुणा, पत्रातला आकडा त्यापेक्षा जास्त आला तर लगेच विचारा की का. पेनीचा फरक राउंडिंगचा असतो, तो सोडा.

आणि आता ती गोष्ट जिच्यात मी सगळ्यात जास्त लोक फसलेले बघितलेत. भाडं आठवड्याचं, पगार महिन्याचा, म्हणून लोक चारने गुणतात आणि तेवढी स्टँडिंग ऑर्डर (दर महिन्याला ठरलेली रक्कम पाठवायची बँकेला सूचना) लावतात. 117.80 गुणिले 4 म्हणजे 471.20. पण वर्षात आठवडे 52 आहेत, 48 नाही! खरं मासिक भाडं काढायला 52 ने गुणून 12 ने भागायचं, ते येतं 510.47. म्हणजे दर महिन्याला 39.27 कमी भरले जातात आणि वर्ष संपेपर्यंत बरोबर चार आठवड्यांचं भाडं थकतं, आणि माणूस म्हणतो मी तर दर महिन्याला वेळेवर भरतोय. त्याची काही लबाडी नसते हो, नुसता गुणाकार चुकलेला असतो, पण थकबाकीचं पत्र यायचं ते येतंच आणि वयस्कर माणसं ते पत्र बघून रात्र रात्र झोपत नाहीत. काही ठिकाणी वर्षाचं भाडं 48 किंवा 50 आठवड्यांत गोळा करतात आणि बाकीचे आठवडे फ्री असतात, तसं असेल तर पत्रात लिहिलेलं असतं, मग हिशोब त्याप्रमाणे करा. आणि 2024-25 सारखं एखादं वर्ष 53 सोमवारांचं येतं, तेव्हा एक आठवडा जास्त लागतो, तोही ध्यानात ठेवा कारण युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणारी सरकारी मदत, तिच्यात भाड्याचे पैसेही येतात) 52 च आठवडे धरतं.

डायरेक्ट डेबिट असेल तर रक्कम घरमालक बदलतो, तुम्ही फक्त खात्री करा. स्टँडिंग ऑर्डर असेल तर ती तुम्हालाच बदलायची आहे, बँक आपोआप काही करत नाही.

आता सर्व्हिस चार्ज. भाड्याच्या खाली वेगळ्या ओळीत असतो, जिन्याची सफाई, कॉमन दिवे, लिफ्ट, बागेची देखभाल वगैरे. सोशल रेंटच्या घरात 4.8 ची मर्यादा भाड्याला आहे, सर्व्हिस चार्जला तशी पक्की मर्यादा नाही, सरकार म्हणतं शक्यतो तेवढ्यातच ठेवा, पण खर्च वाढला तर जास्त लावू शकतात. म्हणून एकूण रकमेची टक्केवारी काढून घाबरू नका आणि रागावू पण नका, दोन ओळी वेगवेगळ्या तपासा. मावशीच्या पत्रात एका वर्षी बागेच्या देखभालीचा चार्ज होता, आणि तिच्या ब्लॉकला बागच नाही, मागे सिमेंटचं अंगण आणि कचऱ्याचे डबे. मी साधी ईमेल लिहिली, फोटो जोडले, विचारलं की ही बाग कुठे आहे ते सांगा. तीन आठवड्यांनी तो चार्ज काढला आणि आधीचे पैसे रेंट अकाउंटला जमा झाले. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते की पत्र हातात घेऊन बिल्डिंगभोवती एक फेरी मारा आणि प्रत्येक ओळ डोळ्यांनी बघा.

तुमचा सर्व्हिस चार्ज फिक्स्ड आहे का व्हेरिएबल ते विचारून घ्या. हाउसिंग असोसिएशनच्या भाडेकरूंचा व्हेरिएबल असेल, म्हणजे खऱ्या खर्चाप्रमाणे बदलत असेल, तर खर्चाचा तपशील लेखी मागायचा आणि नंतर बिलं बघायचा हक्क कायद्याने आहे, आणि रक्कम अवाजवी वाटली तर इथे ट्रिब्युनल खरंच उपयोगी पडतं. फिक्स्ड असेल तर तो रस्ता नाही, मग तक्रारच करायची.

युनिव्हर्सल क्रेडिट मिळत असेल तर हा भाग दोनदा वाचा. भाडं वाढलं हे त्यांना तुम्ही कळवायचं असतं, भाडं थेट घरमालकाला जात असलं तरीसुद्धा. एप्रिलमध्ये वाढ लागू झाली की तुमच्या युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या जर्नलमध्ये घरखर्च कन्फर्म करा असा टू-डू, म्हणजे करायचं काम, येतो. पत्र फेब्रुवारीत आलं म्हणून फेब्रुवारीत कळवू नका, वाढ लागू व्हायच्या आधीची माहिती धरली जात नाही. आणि उशीर पण नको, कारण ज्या असेसमेंट पिरियडमध्ये (ज्या एका महिन्याचा हिशोब ते धरतात त्यात) कळवाल तिथपासून वाढीव पैसे धरतात, मेमध्ये कळवलंत तर एप्रिलचे बहुतेक गेले. मावशीचा एका वर्षी हाच टू-डू राहून गेला, मी भारतात होते, तिला वाटलं घरमालकानेच कळवलं असेल, आणि त्या महिन्याचा फरक तिने खिशातून भरला. फॉर्म भरताना आठवड्याचं भाडं असेल तर आठवड्याचाच आकडा टाका, महिन्याचा करत बसू नका, आणि भाडं व सर्व्हिस चार्ज वेगवेगळ्या रकान्यात. तुमच्या घरातलं हीटिंग, गरम पाणी, पाणीपट्टी हे भाड्यासोबत जात असलं तरी युनिव्हर्सल क्रेडिट ते देत नाही, ते बाजूला काढा.

पेन्शनच्या वयाचे असाल आणि हाउसिंग बेनिफिट (कौन्सिलकडून मिळणारी भाड्याची मदत) घेत असाल तर कौन्सिलच्या घरात काही करावं लागत नाही, त्यांच्याकडे आकडा असतोच. हाउसिंग असोसिएशनचं घर असेल तर बऱ्याच संस्था नव्या भाड्यांची यादी कौन्सिलला पाठवतात, पण एक फोन करून विचारा की माझं नाव त्यात आहे ना.

जास्तीची बेडरूम आहे म्हणून भाड्याच्या सरकारी मदतीत कपात होत असेल (एक असेल तर 14 टक्के, दोन किंवा जास्त असतील तर 25, पेन्शनच्या वयाच्यांना नाही) तर ती नव्या भाड्यावर होते, म्हणजे तुमच्या खिशातला भाग पण वाढणार. 117.80 वर 14 टक्के म्हणजे आठवड्याला 16.49. बेनिफिट कॅप (मिळणाऱ्या एकूण सरकारी मदतीवरची मर्यादा) लागलेली असेल तर वाढलेलं भाडं तुम्हाला मिळणाऱ्या पैशात दिसणारच नाही, तेव्हा आधीच कौन्सिलकडे घरभाड्याच्या जादा मदतीसाठी अर्ज करा, एप्रिल उजाडायची वाट बघू नका.

चूक सापडली तर तक्रार लेखी करा आणि त्यात "ही औपचारिक तक्रार आहे" असं स्पष्ट लिहा, नाहीतर ती नुसती चौकशी म्हणून फिरत राहते. तक्रार नोंदवली की पहिल्या टप्प्याचं उत्तर 10 कामाच्या दिवसांत आणि दुसऱ्याचं 20 कामाच्या दिवसांत यायला हवं, त्यानंतर हाउसिंग ऑम्बड्समनकडे (अशा घरमालकांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे) फुकट जाता येतं. ऑम्बड्समन वाढीची टक्केवारी बघत नाही, पण तुमच्या तक्रारीकडे दुर्लक्ष झालं असेल तर ते बघतो.

आणि हात जोडून सांगते, तक्रार चालू आहे म्हणून किंवा दुरुस्ती केली नाही म्हणून भाडं थांबवू नका. मुद्दा कितीही खरा असला तरी थकबाकी तुमच्या नावावर चढते आणि घर धोक्यात येतं. वादातली रक्कम नंतर परत मिळवता येते. भरणं जमतच नसेल तर पहिल्याच महिन्यात घरमालकाच्या इन्कम टीमला (भाडं गोळा करणाऱ्या विभागाला) फोन करा, परवडेल तेवढा हप्ता ठरवा, आणि ठरलेलं ईमेलवर लिहून मागा. इंग्रजीत बोलायची भीती वाटत असेल तर दुभाषी मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, बऱ्याच ठिकाणी फोनवर मराठी दुभाषी मिळतो, आणि मुलांना शाळा बुडवून पत्रं वाचायला लावायची गरज राहत नाही.

मावशीचं यंदाचं पत्र मी तपासलंय, दोन्ही ओळी बरोबर आहेत. तिच्या फोनवर 7 एप्रिल सकाळी दहाचा अलार्म लावलाय, त्यावर मराठीत लिहिलंय, जर्नल उघड.